अलकमध्ये काय वगळावे, आणि वगळलेले वाचकाला कसे सापडावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अलक, म्हणजे अतिलघुकथा, लिहिता. अलीकडच्या एका कथेत एक बाई संध्याकाळी स्टँडवर एसटीची वाट पाहत बसली आहे, गाडी येते, बाकीचे चढतात, ती चढत नाही, तिच्या डोळ्यांत पाणी तरळते आणि कथा संपते. वाचकाने आपापला अर्थ लावावा म्हणून तुम्ही बाईचे वय, गाव, घरची माणसे, न चढण्याचे कारण यांतले काहीच दिले नाही. प्रत्यक्षात एकाला ती विधवा वाटली, दुसऱ्याला वेडसर, आणि अनेकांनी कथा अर्धवट राहिल्याचे कळवले. म्हणून तुम्ही विचारता की तपशील नेमका किती कमी करावा आणि वाचकावर किती सोडावे.

मी कथा लिहिते, दिवाळी अंकांसाठी इतरांच्या कथा संपादित करते आणि कथालेखनाच्या कार्यशाळाही घेते. त्या कामात हा प्रश्न वारंवार समोर येतो, आणि दर वेळी मला 'किती' हा शब्द बाजूला ठेवून 'कोणता' हा शब्द पुढे आणावासा वाटतो. कथेतून दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी वगळता येतात. एक म्हणजे वस्तुस्थिती: कोण, कोणाशी, कुठे, काय घडले. दुसरी म्हणजे त्या घडण्याचा अर्थ: ते का घडले, करणाऱ्याच्या मनात काय होते, आणि आपण त्याला बरे म्हणावे की वाईट. वस्तुस्थिती उघड सांगितली नाही तरी चालते, पण उरलेल्या शब्दांवरून ती काढता आली पाहिजे आणि बहुतेक वाचकांनी एकाच ठिकाणी पोहोचले पाहिजे. अर्थ मात्र मोकळा ठेवता येतो, आणि वाचकाचे काम तिथेच सुरू होते. तुमच्या कथेत हे उलटे झाले आहे. वस्तुस्थिती झाकली गेली आणि भावना, म्हणजे डोळ्यांतले पाणी, उघड सांगितली गेली. वाचक काय घडले याच्या शोधातच अडकले, आणि काय वाटावे ते तुम्ही आधीच ठरवून दिल्यामुळे त्यांच्याकडे करण्याजोगे दुसरे काही उरले नाही.

या भेदाचे सर्वांत चांगले उदाहरण मला आपल्याच मातीत सापडते. सातवाहन राजा हाल याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीत महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे ७०० गाथा आहेत आणि प्रत्येक गाथा दोन ओळींची. त्यांतली एक गाथा एका धार्मिक माणसाला उद्देशून आहे. बोलणारी व्यक्ती त्याला सांगते की आता निर्धास्त हिंड, कारण गोदावरीकाठच्या झुडपांत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने ते कुत्रे आज मारून टाकले. गाथा एवढीच आहे. बोलणारे कोण, हा माणूस तिथे कशासाठी येतो, त्याला हे सांगण्याची गरज का पडली, यांतले काहीही तिच्यात नाही. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोक' हा काव्यातल्या सुचवलेल्या अर्थावरचा ग्रंथ लिहिताना ही गाथा उदाहरण म्हणून घेतली आणि दाखवले की वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, 'हिंड' असा असला तरी व्यंग्यार्थ, म्हणजे सुचवलेला अर्थ, 'इकडे फिरकू नकोस' असाच आहे. टीकाकारांनी संदर्भ असा लावला की बोलणारी स्त्री आहे, ती झुडपे तिची आणि तिच्या प्रियकराची भेटण्याची जागा आहे, आणि फुले तोडायला येणाऱ्या या सज्जनाचा तिला अडथळा होतो.

पुढे अकराव्या शतकात महिमभट्टाने 'व्यक्तिविवेक' लिहून आक्षेप घेतला की इथे शब्दाची अर्थ सुचवणारी कोणतीही वेगळी शक्ती मानण्याचे कारण नाही, हे सरळ अनुमान आहे. कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या ठिकाणी जाणार नाही, हे कोणीही जाणेल. या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. लिहिणारी म्हणून मला मात्र दोघेही उपयोगी पडतात. धार्मिकाला तिथून घालवायचे आहे हे वाचकाला अनुमानाने मिळते, आणि ते सगळ्यांना सारखेच मिळते. ती बाई धीट आहे की घाबरलेली, तिला या माणसाची दया येते की त्याची फजिती पाहण्यात मजा वाटते, हे अनुमानाने मिळत नाही. तिथे प्रत्येक वाचक आपल्या अनुभवाने पोहोचतो. सिंह खरोखर आहे की तिने रचलेला, हेही गाथा सांगत नाही. सिंह खरा असो वा खोटा, तिची कृती तीच राहते, म्हणून ही एक वस्तुस्थिती मोकळी राहिली तरी बिघडत नाही. उलट तिच्या हुशारीबद्दलचा आपला अंदाज त्यावर अवलंबून राहतो. वस्तुस्थिती मोकळी ठेवायचीच असेल तर ती अशी असावी.

या गाथेत आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिच्या काळच्या रसिकाला नदीकाठची झुडपे म्हटले की प्रेमिकांची भेट आठवत असे. ती ओळख नसलेला आजचा वाचक टीकेशिवाय गाथा वाचेल तर एका कुत्र्याच्या मृत्यूची बातमी म्हणून पुढे जाईल. कमी तपशील नेहमी लेखक आणि वाचक यांच्या सामाईक माहितीवर उभा असतो, आणि जिथे ती माहिती संपते तिथे एक शब्द वाढवावा लागतो.

आता तुमच्या कथेकडे या दृष्टीने पाहू. बाईने सोडलेली गाडी कोणती होती? ती साधी 'एसटी' असेल तर अर्ध्या तासाने दुसरी येईल, आणि न चढण्याला काही वजन राहणार नाही. ती मुक्कामाची गाडी असेल, म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी, तर न चढणे म्हणजे आज रात्री घरी न जाणे. ग्रामीण भाग ओळखणाऱ्या वाचकाला 'मुक्कामाची' एवढा एक शब्द पुरेल. शहरातल्या वाचकासाठी 'शेवटची, मुक्कामाची' असे दोन शब्द लागतील. दुसरे, कंडक्टरला बोलू द्या. घंटी मारण्याआधी तो नुसते "आक्का, येताय ना?" म्हणाला की बाईचे साधारण वय कळते, तो तिला रोज पाहतो हे कळते, आणि तिला गाडी दिसली नाही किंवा वेळ कळली नाही या शंका मिटतात. मग डोळ्यांतले पाणी काढून टाका. आता सगळे वाचक एकमताने म्हणतील की नेहमी घरी जाणारी ही बाई आज समजून-उमजून गेली नाही. ती घर सोडते आहे, कोणाची वाट पाहते आहे, की कुठे जावे हेच तिला कळत नाही, हे मात्र प्रत्येकजण वेगळे सांगेल, आणि ते वेगळेपण कथेचेच देणे असेल. तुम्ही एक-दोन शब्द आणि एक छोटे वाक्य वाढवले, एक वाक्य काढले, लांबी जवळपास तेवढीच राहिली.

हे अधिक जवळून दाखवण्यासाठी मी इथे एक अलक रचते. शीर्षक 'सोमवार'.

विहीर सामाईक होती. सोमवार ते बुधवार थोरल्याची पाळी, उरलेले दिवस धाकट्याची. वाटणी झाली तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद होते. थोरल्याचे तेरावे रविवारी झाले. सोमवारी रात्री लाईट आल्यावर धाकट्याने मोटार चालू केली, खांद्यावर फावडे घेतले आणि पाणी थोरल्याच्या कांद्यात सोडले. उजाडता उजाडता वहिनी बांधावर आली. "किती वाफे राहिले?" तिने विचारले.

इथे काय घडले याबद्दल दोन मते होणार नाहीत. दोन भाऊ, झालेली वाटणी, अबोला, थोरल्याचा मृत्यू, आणि त्याच्या पाळीच्या दिवशी त्याच्याच पिकाला धाकट्याने दिलेले पाणी. मोकळे आहे ते त्यामागचे कारण. कोणी म्हणेल त्याला पश्चात्ताप झाला. शेतीतले व्यवहार पाहिलेला वाचक म्हणेल की आज पाणी देणारा उद्या जमीन कसू लागेल आणि परवा तिच्यावर हक्क सांगेल. तिसरा म्हणेल की पीक डोळ्यांसमोर वाळत असताना शेतकऱ्याच्याने बघवत नाही, मग ते कोणाचेही असो. या तिन्ही वाचनांना मजकुरात आधार आहे आणि एकालाही मजकूर खोटे ठरवत नाही. वहिनीचा प्रश्नही तसाच आहे. तो स्वीकार असेल, पाळत असेल, किंवा नवरा गेल्यावर रानाचा हिशेब आता आपल्यालाच ठेवायचा आहे हे ओळखलेल्या बाईचा पहिला प्रश्न असेल.

यातला एक शब्द बदलून पाहा. 'कांद्यात' काढून 'पिकात' लिहिले तर कथा कळेल, पण बरेच काही जाईल. कांदा वाफ्यांत असतो. एक वाफा भरला की बारे फोडून पाणी पुढच्या वाफ्यात वळवायला माणूस तिथे उभाच लागतो. म्हणजे धाकटा मोटार लावून झोपायला गेला नाही, रात्रभर अंधारात भावाच्या रानात उभा होता. कांद्याला साधारण आठ-दहा दिवसांनी पाणी लागते, आणि मधले तेरा दिवस सुतकात गेले. जाणता वाचक हे दोन्ही स्वतः मांडतो. ज्याला कांदा फक्त भाजीपुरता माहीत आहे त्याचेही काही अडत नाही. 'सोमवार ते बुधवार' आणि 'उरलेले दिवस' यांतही एक गोष्ट आहे. थोरल्याला तीन दिवस, धाकट्याला चार. मोजणाऱ्या वाचकाला वाटणीतले भांडण तिथे दिसेल, आणि ते दिसल्यावर सोमवारच्या पाण्याचा रंग त्याच्यापुरता बदलेल.

आता हीच कथा जास्त सांगून पाहू. पाणी सोडल्यानंतर जर असे वाक्य आले की 'भावाला हयातीत जे देता आले नाही ते आज पाण्याच्या रूपाने देताना त्याचे मन भरून आले', तर तिन्ही वाचनांतले एकच उरते, आणि तेही लेखकाने हातात ठेवलेले. वहिनीचा प्रश्न मग नुसता शेवट म्हणून राहतो. याच्या उलट जास्त कापूनही पाहू: 'रात्री लाईट आली. त्याने पाणी सोडले. सकाळी ती आली. दोघे बोलले नाहीत.' शब्द कमी झाले, अर्थ वाढले असे वाटेल, पण प्रत्यक्षात वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. तो कोण, ती कोण, पाणी कोणाच्या रानात, हे न कळल्यामुळे वाचक आपल्या मनातली कुठलीही तयार गोष्ट इथे बसवेल, आणि ती बसेलही, कारण तिला अडवणारे काही नाही. जी कथा कुठलाही अर्थ सामावून घेते तिने वाचकाला अर्थ लावायला बोलावलेले नसते. तिने त्याला एकटे सोडलेले असते.

या अलकमध्ये माझा सर्वांत जास्त वेळ एका शब्दावर गेला, आणि तो शब्द आता कथेत नाही. वहिनीने "भावजी, किती वाफे राहिले?" असे विचारावे की नाही? दिराला वहिनी भावजी म्हणते हे अगदी स्वाभाविक आहे, आणि बोली म्हणून ते वाक्य अधिक बरे वाटते. पण इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर ती नात्याने हाक मारते म्हटल्यावर समेट झाल्याचेच वाचक धरून चालेल, आणि हक्क सांगण्याची शंका तिथेच विरून जाईल. हाक काढली की तिचा स्वर वाचकाला स्वतः ठरवावा लागतो. दुसऱ्या कथेत मी ती हाक ठेवली असती. जिथे कथेचा प्रश्नच समेटाच्या पुढचा आहे, तिथे समेट एका शब्दात उरकून टाकणे हेच योग्य ठरेल.

मराठीत लिहिणाऱ्याला या बाबतीत मोठी अनुकूलता आहे. अरे, अगं, अहो, तू, तुम्ही यांपैकी काय वापरले यावरून वय, नाते, मान आणि बरेचदा दुरावाही कळतो. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते की नावाने हाक मारते यावरून घराची पिढी कळते. थोरला, धाकटा, वहिनी या तीन शब्दांनी 'सोमवार'मधली सगळी माणसे उभी केली, नावे लागली नाहीत. नावे मुद्दाम टाळली आहेत, कारण आपल्याकडे आडनाव हा लहान तपशील नसतो. आडनाव वाचले की वाचक जात, प्रदेश आणि कधीकधी पेशाही वाचतो, आणि कथेला त्याची गरज नसेल तर तो नको तिथे अर्थ शोधत बसतो. गरज असेल तर मात्र एक आडनाव पानभर वर्णनाचे काम करते. म्हणून नाव सवयीने देऊ नये आणि सवयीने टाळूही नये.

वाचकावर भिस्त ठेवण्याबद्दल रशियन कथाकार चेखवने त्याचा प्रकाशक मित्र सुवोरिन याला १८९० च्या एप्रिलमध्ये लिहिलेले पत्र मी कार्यशाळेत नेहमी सांगते. घोडेचोरांवरच्या कथेत चेखव तटस्थ राहतो, बऱ्या-वाईटाचा निर्णय देत नाही, अशी सुवोरिनची तक्रार होती. चेखवचे उत्तर असे होते की घोडे चोरणे वाईट आहे हे त्याने सांगण्याची गरज नाही, ते सर्वांना ठाऊकच आहे. आणि कथेत जो आत्मनिष्ठ भाग, म्हणजे स्वतःचे मत आणि भावना, कमी पडतो तो वाचक स्वतः भरेल यावर आपण लिहिताना पूर्णपणे विसंबतो. इथे नीट पाहण्यासारखे हे की चेखव वाचकावर आत्मनिष्ठ भाग सोडतो. चोर कसे बोलतात, कसे वावरतात, त्यांना काय आवडते हे तो वाचकावर सोडत नाही, ते काम त्याने स्वतः केलेले असते.

वस्तुस्थितीतला एखादा तपशील जाणूनबुजून रोखण्याचे फार धाडसी उदाहरण उर्दू कथाकार मंटोच्या 'सियाह हाशिये' या संग्रहात आहे. फाळणीच्या हिंसेवरच्या या लघुकथा १९४८ साली प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांतल्या काही तर मोजक्या ओळींच्या आहेत. 'घाटे का सौदा' या कथेत दोन मित्र दहा-वीस मुलींमधून एक निवडतात आणि ४२ रुपयांना विकत घेतात. रात्र गेल्यावर एक जण तिला नाव विचारतो आणि ते ऐकून भडकतो, कारण ती दुसऱ्या धर्माची आहे असे त्यांना सांगण्यात आले होते. तो मित्राकडे धावतो की आपल्याला फसवले, आपल्याच धर्माची मुलगी गळ्यात मारली, चल परत करून येऊ. मंटो किंमत रुपयांत सांगतो आणि धर्म कोणता ते सांगत नाही, मुलीचे नाव तिने उच्चारले तरी आपल्याला ऐकवत नाही. धर्म सांगितला असता तर दुसऱ्या धर्माच्या वाचकाने 'ते लोक असेच' म्हणून पुस्तक मिटले असते. न सांगितल्यामुळे रिकाम्या जागी प्रत्येकजण एक नाव घालतो आणि ते आपण का घातले या प्रश्नाशी येऊन थांबतो. ४२ हा आकडा मात्र काढता येत नाही, कारण पुढचे सगळे बोलणे खरेदी-विक्रीचे आहे आणि सौद्याला किंमत असावी लागते. मी नवीन लेखकांना ही कथा यासाठी दाखवते की नेमका आकडा आणि नेमके मौन एकमेकांशेजारी ठेवले तर दोघांचेही बळ वाढते.

वगळण्याचा हक्क कोणाला, याबद्दल एक अट आहे आणि ती अनेकदा विसरली जाते. अमेरिकन लेखक हेमिंग्वेने १९३२ साली बैलांच्या झुंजीवरच्या 'डेथ इन द आफ्टरनून' या पुस्तकात केलेली हिमनगाची उपमा, की त्याचा आठवा भाग तेवढा पाण्यावर असतो, कथालेखनाच्या प्रत्येक चर्चेत येते. त्याच परिच्छेदात त्याने पुढे असेही म्हटले आहे की लेखक माहीत नाही म्हणून एखादी गोष्ट वगळत असेल तर लिखाणात नुसत्या पोकळ जागा तयार होतात. माझा संपादनाचा अनुभव याला पूर्ण दुजोरा देतो. एखाद्या कथेत कारण सांगितलेले नसेल तर मी लेखकाला फोन करून ते विचारते. ज्याला ते माहीत असते तो लगेच सांगतो, आणि त्याच्या कथेत त्या कारणाच्या खुणा आधीच पेरलेल्या सापडतात. ज्याने ते ठरवलेलेच नसते तो 'वाचकाने ठरवावे' म्हणतो, आणि अशा कथेतले तपशील वेगवेगळ्या दिशांना ओढत असतात. धाकट्याने पाणी का सोडले हे मला ठाऊक आहे. ते मी इथे सांगणार नाही, पण ते ठाऊक असल्यामुळेच मोटार, फावडे आणि वाफे या क्रमाने आले.

परिस्थितीनुसार यात फरक पडतो हे मान्य केले पाहिजे. दिवाळी अंकातली कथा वाचक निवांत वाचतो आणि शेवटी अडखळला तर मागे जातो. फोनवरच्या गटात आलेली अलक तो एकदाच वाचतो आणि अंगठ्याने पुढे सरकवतो. तिथे कळीचा तपशील पहिल्याच वाक्यात टाकून विसरून चालत नाही, तो शेवटाच्या आसपास पुन्हा स्पर्शला पाहिजे. माझ्या कथेत 'सोमवार' हा शब्द पाळी सांगताना येतो आणि पाणी सोडताना पुन्हा येतो, शिवाय शीर्षकातही आहे, तो याचसाठी. शीर्षक ही फार मोलाची जागा आहे. तिथे 'पश्चात्ताप' लिहिले असते तर बाकी सगळी काळजी फुकट गेली असती. महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात वाढलेल्या मराठी वाचकासाठी लिहायचे असेल तर रात्रीची लाईट म्हणजे काय हे कळावे म्हणून 'शेतीची लाईट रात्री आल्यावर' एवढे वाढवावे लागेल, कारण शेतीपंपांना वीज पाळीपाळीने आणि बरेचदा रात्री मिळते हे त्याने पाहिलेले नसते. मुलांसाठीच्या कथेत आणि रहस्यकथेत वाचकाला उत्तराचे वचन दिलेले असते, तिथे ते पाळलेच पाहिजे.

शेवटच्या ओळीत धक्का देणाऱ्या अलकबद्दल मला वेगळे सांगायचे आहे, कारण ती हल्ली फार लिहिली जाते आणि तिला सूचकतेची कथा समजले जाते. पात्राला जे सुरुवातीपासून माहीत आहे ते लेखकाने वाचकापासून लपवून शेवटी उघड करायचे, मग कथेतली बाई ज्याच्याशी बोलत होती तो फोटो निघतो किंवा ज्याच्यासाठी डबा भरला तो हयात नसतो. अशा कथेत तपशील कमी असतात, पण ते वाचकाला अर्थ लावता यावा म्हणून नव्हे, तर त्याचा अंदाज चुकावा म्हणून. उलगडा झाला की सगळ्यांना तोच एक अर्थ मिळतो आणि दुसऱ्यांदा वाचण्यासारखे काही राहत नाही. कौशल्याने लिहिलेली धक्क्याची कथाही वाचनीय असते, हे मी नाकारत नाही. तुम्ही मात्र वाचकाच्या स्वतंत्र अर्थाबद्दल विचारले आहे, आणि तो या वाटेने मिळत नाही.

आता तपासणीची रीत. कथा लिहून झाली की ती न वाचलेल्या तीन-चार जणांना द्या, शक्यतो त्यातले एक-दोघे स्वतः न लिहिणारे असावेत. त्यांना फक्त दोन प्रश्न विचारा: काय घडले? आणि ते तसे का घडले असे तुम्हाला वाटते? 'कथा कशी वाटली' हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे 'छान' म्हणतात. पहिल्या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे आली तर काहीतरी सांगायचे राहून गेले आहे, ते घाला. दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांचे हुबेहूब तेच उत्तर आले तर काहीतरी जास्त सांगितले गेले आहे, ते बहुधा कथेच्या शेवटच्या दोन वाक्यांत सापडेल. पहिल्याला एक आणि दुसऱ्याला अनेक उत्तरे आली की हात आवरता घ्या.

तुम्ही विचारले आहे की कोणी भलताच अर्थ लावला तर त्याला खरा अर्थ सांगावा का. मी सांगत नाही. लेखकाने एकदा अर्थ सांगितला की बाकीचे वाचक आपले वाचन मागे घेतात, आणि ज्याने ते मनापासून केले होते त्याला उगाच चुकल्यासारखे वाटते. त्याऐवजी मी त्या वाचकाला विचारते की हे तुम्हाला कोणत्या वाक्यावरून वाटले. त्याने वाक्य दाखवले आणि ते त्याचा अर्थ पेलत असेल, तर तो अर्थ मला सुचला नव्हता एवढ्या कारणावरून मी त्याला हात लावत नाही. त्याला वाक्य दाखवता आले नाही तर तो कथेबाहेरचे काहीतरी वाचतो आहे, तिथे माझा इलाज नाही. आणि त्याने दाखवलेले वाक्य दुसऱ्या तपशिलाशी उघड विसंगत निघाले, तर कथा पुढच्या ठिकाणी पाठवण्याआधी त्या दोन वाक्यांपैकी कोणते खरे आहे ते ठरवून मी दुसरे काढून टाकते.